हॉट रॉडचा आवाज कमी करायचाय, ताकद नाही

पत्र

"आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. गेल्या वर्षी मी तयार हॉट रॉड (जुन्या धाटणीच्या बॉडीत ताकदवान इंजिन बसवलेली गाडी) विकत घेतली. बॉडी १९३२च्या फोर्ड थ्री-विंडो कूपेची, फायबरग्लासची. आत शेव्हरोलेचं ३५० स्मॉल ब्लॉक इंजिन, सुमारे ३०० हॉर्सपॉवरचं, कार्बोरेटरवर चालणारं. ७००आर४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागे ३.५०चा डिफरन्शियल, मागची चाकं २८ इंच व्यासाची. हेडरपासून (इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर आणणाऱ्या नळ्यांच्या जुडीपासून) दोन्ही बाजूंना अडीच इंची वेगवेगळे पाइप, त्यांवर १८ इंची जुने ग्लासपॅक मफलर (सायलेन्सर), आणि मागच्या ॲक्सलच्या अलीकडेच जमिनीकडे वळवलेली तोंडं. शनिवारी सकाळी सहाला गाडी बाहेर काढली की शेजारी पडदे सरकवून बघतात. दोघांनी बोलूनही दाखवलं. हायवेवर ६५ मैलांच्या वेगाला आत असा आवाज घुमतो की भारतातून आलेले आईबाबा डोकं दुखतं म्हणून पुन्हा बसायला तयार नाहीत. शांत मफलर कोणते घ्यावेत? ताकद किती जाईल? व्ही-एटचा आवाज अगदीच मरेल का? एक मित्र म्हणतो, शांत मफलर लाव आणि त्याच्या पुढे इलेक्ट्रिक कटआउट (मफलर टाळून वायू थेट बाहेर सोडणारी झडप) बसव. ते योग्य आहे का?"

उत्तर

मफलर मागवायच्या आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या: तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत. शेजाऱ्यांना त्रास होतो तो थंड इंजिन चोकवर चढलेलं असतानाच्या बाहेरच्या आवाजाचा. आईबाबांना त्रास होतो तो एकाच सुरात, एकाच वेगाला घुमणाऱ्या खालच्या पट्टीतल्या आवाजाचा. नुसता 'शांत' म्हणून नाव असलेला मफलर आणून लावला, तर पहिला त्रास कमी होईल आणि दुसरा जसाच्या तसा राहील. लोक दोन-दोन, तीन-तीन मफलर बदलतात आणि तरी रडत बसतात, ते यामुळेच.

घुमणाऱ्या आवाजाचा हिशेब तुमच्याच आकड्यांवरून निघतो. ६५ मैलांना, ओव्हरड्राइव्हचं (सर्वांत वरच्या गिअरचं) ०.७० गुणोत्तर, ३.५०चा डिफरन्शियल आणि २८ इंची चाकं धरली तर इंजिन साधारण १,९०० आरपीएमवर फिरत असतं. चार-स्ट्रोक व्ही-एटमध्ये क्रँकच्या एका फेऱ्यात चार सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १२७ ठोके. हा झाला १२७ हर्ट्झचा सूर. पण तुमच्या गाडीत दोन्ही बाजूंचे पाइप कुठेच जोडलेले नाहीत, त्यामुळे प्रत्येक पाइपात त्यातले निम्मेच ठोके जातात, आणि तेही समान अंतराने नाहीत. स्मॉल ब्लॉकचा फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२ आहे. विषम नंबर डाव्या बँकेत (सिलिंडरांच्या रांगेत), सम नंबर उजव्या. ८ आणि ४ एकामागोमाग एकाच बाजूला पेटतात. ५ आणि ७ही तसेच. ते दोन ठोके एकमेकांना चिकटून येतात आणि पुढे मोठी खोल फट पडते. व्ही-एटची जी ओळखीची भुडभुड आपल्याला आवडते ती याच असमानतेतून येते, आणि केबिनमधे डोकं उठवणारे ६४ हर्ट्झचे आणि त्याखालचे सूरही तिथूनच येतात.

ग्लासपॅकचं इथे काहीच चालत नाही. आरपार भोकांची नळी आणि भोवती काचतंतूचा थर, एवढीच त्याची रचना. असा थर तीक्ष्ण, वरच्या पट्टीतला आवाज छान शोषतो. ६० ते १३० हर्ट्झच्या लाटेला तो जवळपास दिसतही नाही, कारण ती लाट मीटरभर नव्हे तर कित्येक मीटर लांब असते आणि थर असतो इंचभर जाडीचा. त्यात जुना ग्लासपॅक म्हणजे आतला काचतंतू जळून, सुटून बाहेर उडालेला असतो. हेडरच्या जितका जवळ, तितका लवकर. ठोकून बघा: भरलेला ग्लासपॅक बद्द वाजतो, रिकामा डब्यासारखा.

आता मोजमाप. फोनवरची आवाज मोजणारी ॲप बहुतेक वेळा ए-वेटिंगवर (कानाच्या संवेदनेनुसार सूर कमी-जास्त धरणाऱ्या मापावर) असतात. ए-वेटिंग १२५ हर्ट्झला सुमारे १६ डेसिबल आणि ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल वजा करून दाखवतं. म्हणजे ज्या आवाजानं आईबाबांचं डोकं दुखतं तो मीटरला कळतच नाही. केबिनसाठी सी-वेटिंग (खालचे सूर जवळपास तसेच मोजणारं माप) निवडा आणि शक्यतो आलेख दाखवणारं स्पेक्ट्रम ॲप वापरा. सपाट रस्त्यावर ६५ला वेग धरून ठेवा, शेजारी बसलेल्याला फोन धरायला सांगा, आणि उंच टोक ६४च्या आसपास आहे की १२७च्या, ते टिपून घ्या. पुढचे निम्मे निर्णय त्या एका आकड्यावर ठरतील. बाहेरच्या आवाजासाठी ए-वेटिंग चालेल: मागच्या तोंडापासून २० इंचांवर, ४५ अंशांच्या कोनात, तोंडाच्या उंचीला फोन धरा, थंड स्टार्टला एकदा आणि गरम इंजिनच्या आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) एकदा. ध्वनिमापनात ३ डेसिबल म्हणजे ऊर्जा दुप्पट, पण कानाला 'निम्मा झाला' वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. तुमचं लक्ष्य ते १० आहे.

मफलरच्याही आधी गळती शोधा. हेडर गॅस्केट किंवा कलेक्टरचं (हेडरच्या नळ्या एकत्र येतात त्या भागाचं) गॅस्केट फुटलेलं असेल तर टिकटिक येते, ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट उडते, आणि जगातला कुठलाही मफलर ती थांबवू शकत नाही, कारण तो आवाज मफलरपर्यंत पोचतच नाही. इंजिन पूर्ण थंड असताना शॉप व्हॅक्युमची हवा फेकणारी बाजू एका पाइपाच्या तोंडात चिंधीनं घट्ट बसवा, व्हॅक्युम चालू करा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी फवारा. फेस आला तिथे गळती. दुसऱ्या बाजूलाही तेच करा. ही तपासणी फक्त आवाजासाठी नाही. ॲक्सलच्या अलीकडे, केबिनखाली तोंड संपत असेल आणि वर फायबरग्लास बॉडीच्या तळाला कुठे भोक असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला वास नसतो. आईबाबांचं डोकं दुखणं फक्त आवाजामुळेच आहे असं गृहीत धरू नका. मफलरचं काम होईपर्यंत गाडीत बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म ठेवाच.

ताकदीची भीती मात्र मनातून काढून टाका. इंजिन बांधणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: एका हॉर्सपॉवरला २.२ सीएफएम (घनफूट प्रतिमिनिट) एवढा प्रवाह मफलरमधून जाऊ शकला तर ताकद मोजण्यासारखी कमी होत नाही. ३०० हॉर्सपॉवरला ६६० सीएफएम, म्हणजे बाजूला ३३०. उघडा सव्वादोन इंची पाइप त्याच मापानं सुमारे ४०० सीएफएम वाहून नेतो, अडीच इंची सुमारे ५००. याचा अर्थ तुमचे अडीच इंची पाइप आधीच गरजेपेक्षा मोठे आहेत, आणि ३३० ते ३५० सीएफएमचा मफलर तुमची ताकद खाणार नाही. जाहिरातीत ६००, ७०० सीएफएम वाचून जो मफलर घेतला जातो, त्यात तुम्ही न लागणाऱ्या प्रवाहासाठी आवाज विकत घेत असता.

मफलरच्या जाती ढोबळ तीन. पहिली आरपार नळीची, तिच्यात ग्लासपॅक आणि स्टेनलेसचे महागडे आरपार मफलर दोन्ही आले. दुसरी चेंबरची: आत पत्र्याच्या भिंती, आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून खालचे सूर मरतात. तिसरी 'टर्बो' म्हणून ओळखली जाणारी, जिच्यात वायू इंग्रजी एस अक्षरासारखा वळून जातो. हे नाव साठच्या दशकातल्या टर्बोचार्ज्ड शेव्हरोले कोर्वेअरच्या मफलरवरून रुळलं. खालच्या पट्टीसाठी दुसरी आणि तिसरी जात कामाची. पण जातीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे पोटातली जागा. खालचा सूर मारायला घनफळ लागतं, त्याला पर्याय नाही. चार इंची गोल नळकांडं कितीही नामांकित असो, ते पावणेदहा बाय सव्वाचार इंची अंडाकृती, १८-२० इंच लांबीच्या मफलरचं काम करू शकत नाही.

आमची शिफारस अशी. बंद कूपेसाठी पहिली पसंती लांब बॉडीच्या टर्बो मफलरला, डायनोमॅक्स सुपर टर्बोच्या धर्तीच्या. जागेत बसेल ती सगळ्यात लांब बॉडी घ्या. चेंबरचा हवा असेल, म्हणजे आवाजात थोडा अमेरिकन 'घशातला' खर्ज ठेवायचा असेल, तर फ्लोमास्टरची ५० किंवा ७० सीरिज. ४० सीरिज आणि १० सीरिज मुळीच नकोत. ते मफलर आवाज काढण्यासाठीच घेतले जातात. मॅग्नाफ्लो किंवा बोर्लासारखा आरपार स्टेनलेस घ्यायचाच असेल तर मोठी अंडाकृती बॉडी, लांबी १८ इंचांपेक्षा कमी नको, आणि मागे वेगळा रेझोनेटर (पाइपात बसवायचा छोटा जोड-मफलर) हवाच. स्मिथीजचे मफलर जुन्या धाटणीच्या रॉडवर शोभून दिसतात हे खरं, पण तुमच्या गरजेला ते अपुरे पडतील.

मागवायच्या आधी गाडीखाली जाऊन कार्डबोर्डची पेटी बनवा, मफलरच्या बॉडीच्या मापाची. ३२च्या फोर्डचा व्हीलबेस १०६ इंच. त्यातून गिअरबॉक्स, त्याचा क्रॉसमेंबर, ड्राइव्हशाफ्ट आणि मागची फोर-लिंक (ॲक्सल धरणारे चार दांडे) वजा केली की हातात फार जागा उरत नाही. पेटी फ्रेमच्या खालच्या कडेखाली उतरता कामा नये, गिअरबॉक्सच्या पॅनपासून आणि ब्रेकच्या नळ्यांपासून दोन इंच तरी सुटी हवी. ब्रेक मास्टर सिलिंडर पायाखाली फ्रेमवर असेल, आणि हॉट रॉडमधे तो बहुधा तिथेच असतो, तर त्याच्या आणि पाइपाच्या मधे पत्र्याची उष्णतारोधक ढाल लावा. नाहीतर लांबच्या प्रवासात ब्रेक फ्लुइड उकळतं आणि पेडल खाली जातं.

आता जोडपाइप. तुमच्या गाडीतली सगळ्यात मोठी उणीव हीच आहे आणि मफलरच्या बरोबरीनं तिच्यावर पैसे खर्च करा. दोन्ही बाजू मफलरच्या आधी जोडल्या की प्रत्येक पाइपाला चारऐवजी आठही सिलिंडरांचे ठोके वाटून मिळतात, मघाची असमानता बरीच भरून निघते आणि ६४ हर्ट्झचं टोक खाली येतं. एच आकाराचा जोड खर्ज राखून आवाज मऊ करतो. एक्स आकाराचा जोड जास्त नीट मिसळतो, पण सूर थोडा वर चढवतो, जरा युरोपियन गाडीसारखा. स्पेक्ट्रमवर ६४चं टोक उंच निघालं तर एक्स घ्या. १२७चं निघालं तर एच पुरे. एचच्या आडव्या नळीचा व्यास मुख्य पाइपाइतका ठेवा, बारीक नळी नुसती शोभेची होते. जागा कलेक्टरनंतर दीडेक फुटाच्या आत मिळाली तर उत्तम. हा तुकडा दोन्ही बाजूंना फ्लँज किंवा व्ही-बँड लावून सुटा करता येईल असाच बनवा. सलग वेल्ड केला तर पुढे गिअरबॉक्स उतरवायची वेळ आल्यावर तो कापावा लागतो.

मफलरच्या मागचा पाइप ॲक्सलवरून नेऊन गाडीच्या अगदी मागे काढा. जमिनीकडे वळलेली तोंडं केबिनखालीच संपली की आवाज रस्त्यावर आपटून तळावर परत येतो. फक्त ती मागे नेली तरी आत लक्षात येण्याइतका फरक पडतो. मफलरपुढचा भाग अडीच इंची राहू द्या, मागचा सव्वादोन इंची करा. वर दिलेल्या हिशेबानं तो पुरतो, ॲक्सलवरून वळवायला सोपा जातो आणि थोडा शांतही असतो. स्प्रिंग पूर्ण दबल्यावर ॲक्सल आणि पाइपात किमान एक इंच फट उरते का ते स्प्रिंग काढून, ॲक्सल जॅकनं वर उचलून तपासा. ३२च्या फोर्डात पेट्रोलची टाकी मागे, फ्रेमच्या दोन टोकांमधे उघडीच असते आणि प्रतिकृतींमधेही बहुधा ती तिथेच ठेवतात. पाइप टाकीपासून लांब न्या, आणि जिथे जवळ येतो तिथे हवेची फट सोडून ढाल लावा.

या लांब मागच्या पाइपाची एक खोड आहे. पाच फुटांच्या, दोन्ही टोकं उघड्या पाइपाचा स्वतःचा सूर गरम वायूत १४५ हर्ट्झच्या जवळपास पडतो, आणि तुमचं इंजिन तो सूर सुमारे २,१५० आरपीएमला, म्हणजे ७३ मैलांना गाठतं. म्हणून ६५ला शांत झालेली गाडी ७३ला घुमू शकते. यावर उपाय: त्या पाइपाच्या मध्याजवळ १२ इंची नवा शोषक रेझोनेटर बसवा. ॲक्सलमुळे नेमका मध्य मिळणार नाही, तर ॲक्सलच्या लगेच मागे. मफलर खालचे सूर मारतो, रेझोनेटर वरची खरखर शोषतो; शेजाऱ्यांना जो फरक कळेल तो मुख्यतः या जोडीचा असेल.

हे सगळं करून आत १२७चं टोक थोडं उरलंच, तर चौथाई लाटेची बंद नळी हे शेवटचं हत्यार. मुख्य पाइपातून त्याच व्यासाची एक फाटा-नळी काढायची, टोक बंद. लांबीचं सूत्र: वायूतला ध्वनीचा वेग भागिले वारंवारितेची चौपट. १५० अंश सेल्सियसला तो वेग सुमारे ४१० मीटर प्रतिसेकंद, ३०० अंशांना ४८०. म्हणजे १२७ हर्ट्झसाठी लांबी ३२ ते ३७ इंच. बंद फाट्यातला वायू मुख्य पाइपापेक्षा थंड असतो, त्यामुळे खरं उत्तर बहुधा खालच्या बाजूला पडतं. ३७ इंचांपासून सुरुवात करा, टोपण वेल्ड न करता बँड क्लॅम्पनं लावा, चालवून बघा, इंच-इंच कापत या. प्रत्येक बाजूला एक लागेल. ६४ हर्ट्झसाठी हीच नळी साडेपाच-सहा फूट लागते आणि ती तुमच्या गाडीखाली मावत नाही. म्हणून त्या सुरावर जोडपाइप हाच इलाज.

बसवताना आधी फक्त टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारा किंवा बँड क्लॅम्पवर जुळवा, गाडी चालवा, मोजा, मगच पूर्ण वेल्ड. यू-बोल्टचे क्लॅम्प पाइप चेपतात आणि नंतर तो सांधा सुटत नाही, ते टाळा. वेल्ड करण्यापूर्वी बॅटरी सोडा. ॲल्युमिनाइज्ड पाइपाचा लेप सांध्यापुरता घासून काढा. प्रत्येक हँगर रबराचा हवा आणि फ्रेमला अडकवलेला. बॉडीच्या तळाला एकही नको, कारण मग तळच भोंगा होतो. मफलरच्या सर्वांत खालच्या जागी तीन मिलिमीटरचं भोक आहे का बघा, नसेल तर पाडा. शनिवारच्या छोट्या फेऱ्यांत आतलं पाणी वाफ होऊन जात नाही आणि मफलर आतून सडतो. तळाला ब्युटिलचे पट्टे जरूर लावा, पण त्यांनी तळाची थरथर जाते, १२७ हर्ट्झचा सूर नाही. फोमवर तर पैसे घालूच नका.

सकाळी सहाचा प्रश्न निम्मा कार्बोरेटरवरच सुटेल. थंडीत फास्ट आयडल (थंड इंजिनचा वाढवलेला आयडल) १,६००-१,८०० आरपीएमवर चढत असेल तर तो १,२००च्या आसपास आणा. फ्रीमाँटच्या हवेला तेवढा पुरतो. इलेक्ट्रिक चोकला इग्निशनबरोबर १२ व्होल्ट मिळतात का ते तपासा, नाहीतर तो उशिरा उघडतो. इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) बघा: ते मागे पडलेलं असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताना आत अजून जाळ असतो, पाइप तापतात आणि आवाज वाढतो. बहुतेक स्मॉल ब्लॉकना सुरुवातीचं १० ते १४ अंश टायमिंग मानवतं. व्हॅक्युम ॲडव्हान्सची नळी कुणी काढून ठेवली असेल तर परत जोडा.

व्ही-एटचा आवाज मरेल का? नाही. आयडलची लय कॅमशाफ्टमुळे आणि फायरिंगच्या क्रमामुळे येते, ती राहते. गॅस दिल्यावरचा खर्जही राहतो. जाईल ती कानात टोचणारी कडा.

कटआउट मात्र नको. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं कलम २७१५० रस्त्यावरच्या गाडीला कटआउट किंवा बायपास बसवायलाच मनाई करतं. तो बंद ठेवला होता ही सबब चालत नाही. शिवाय कलम २७१५१ खाली, ६,००० पौंडांपेक्षा कमी वजनक्षमतेच्या गाडीसाठी ठरलेल्या चाचणीत ९५ डेसिबलची मर्यादा आहे. व्यवहारातही कटआउटची झडप काजळीनं अडकते आणि थोडी उघडी राहिली की मघाशी शोधलेली गळती तुम्ही स्वतःच्या पैशानं परत बसवलेली असते. त्या पैशात दोन रेझोनेटर येतात.

पहिल्या ५०० मैलांनंतर इंजिन थंड असताना हेडरचे बोल्ट आणि सगळे बँड क्लॅम्प पुन्हा आवळा, आणि साबणाच्या पाण्याची तपासणी आणखी एकदा करा.